बीजगणित आणि भूमितीचा गृहपाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा उल्लेख आला तर तोही वाचून घ्या. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: वहीतल्या प्रत्येक ओळीला ‘हे का चालतं?’ असं विचारा, आणि उत्तर देता येत नसेल तर पुढची ओळ लिहू नका.

१. शाब्दिक उदाहरण वाचलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करायची?

शेवटच्या वाक्यापासून. काय काढायचं आहे ते बहुधा तिथे असतं, आणि ते कळल्याशिवाय आधीच्या माहितीतलं काय कामाचं हे ठरत नाही. मग जे काढायचं आहे त्याला, किंवा त्यातल्या सर्वांत लहान गोष्टीला, क्ष माना. ‘क्ष मानू’ एवढंच लिहून थांबू नका. ‘लहान संख्या क्ष मानू’ असं पूर्ण वाक्य लिहा. निम्म्या चुका हे वाक्य अर्धवट लिहिल्यामुळे होतात, कारण चार ओळींनंतर क्ष म्हणजे लहान संख्या की मोठी, हेच आठवत नाही.

उदाहरण घेऊ. दोन संख्यांची बेरीज ४७ आहे. मोठी संख्या लहान संख्येच्या तिपटीपेक्षा ३ ने जास्त आहे. तर त्या संख्या कोणत्या? लहान संख्या क्ष मानू. तिची तिप्पट ३क्ष, त्यापेक्षा ३ ने जास्त म्हणजे ३क्ष + ३. इथपर्यंत समीकरण नाही, फक्त मराठी वाक्याचं रूपांतर आहे. आता उरलेलं वाक्य वापरा: क्ष + ३क्ष + ३ = ४७. म्हणून ४क्ष = ४४, क्ष = ११. मोठी संख्या ३६.

ताळा पाहताना समीकरणात किंमत घालू नका, मूळ उदाहरणात घाला. ११ आणि ३६ यांची बेरीज ४७. ११ ची तिप्पट ३३, त्यात ३ मिळवले की ३६. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर समीकरणातला ताळा ते सांगणार नाही, उदाहरणातला सांगेल.

२. ‘सोपे रूप द्या’ आणि ‘सोडवा’ यांत फरक काय? दोन्हीकडे क्ष आहेच की.

३क्ष + ५ + २क्ष ही राशी आहे. तिचं सोपं रूप ५क्ष + ५. इथे क्ष कितीही असू शकतो, म्हणून क्ष ची किंमत काढण्याचा प्रश्नच येत नाही. ५क्ष + ५ = २० हे समीकरण आहे. ते एक विधान आहे आणि क्ष च्या काही ठरावीक किमतींनाच ते खरं ठरतं. त्या किमती शोधणं म्हणजे सोडवणं.

अनेक विद्यार्थी राशीचं सोपं रूप काढून झालं की मनानेच ‘= ०’ लिहितात आणि क्ष = −१ असं उत्तर काढतात. बरोबरचं चिन्ह दिलेलं नसेल तर ते आपण आणायचं नाही.

३. संख्या पलीकडे नेली की चिन्ह का बदलतं?

संख्या पलीकडे जात नाही. क्ष + ७ = १२ मध्ये आपण दोन्ही बाजूंतून ७ वजा करतो. डावीकडचे ७ संपतात आणि उजवीकडे १२ − ७ उरतात. मधली ओळ गाळली म्हणून ‘७ पलीकडे गेले आणि उणे झाले’ असं दिसतं.

हे नुसतं पाठ केलं की पुढे घात होतो. ५क्ष = २० मध्ये मग कुणी क्ष = २० − ५ लिहितं. −४क्ष = २० मध्ये कुणी ‘चिन्ह बदललं’ म्हणून क्ष = २०/४ लिहितं. दोन्ही चूक आहेत. ५ आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे, तो भागाकारानेच सुटतो, म्हणून पहिल्यात क्ष = ४. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना −४ नेच भागायचं, म्हणून क्ष = −५. पहिले काही दिवस प्रत्येक पायरीसमोर ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा करून’, ‘दोन्ही बाजूंना −४ ने भागून’ असं शब्दांत लिहा. वेळ लागतो, पण ही सवय वर्षानुवर्षं उपयोगी पडते.

४. ऋण गुणिले ऋण धन कसं होतं? पाठ आहे, पण पटत नाही.

पटत नाही हे सांगणारे विद्यार्थी मला फार आवडतात. पटवून घेऊ.

५ + (−५) = ० हे मान्य आहे. कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं तर शून्यच येतं, म्हणून (−३) × [५ + (−५)] = ०. आता कंस सोडवा: (−३) × ५ + (−३) × (−५) = ०. पहिलं पद −१५ आहे, कारण ३ चं ऋण पाच वेळा घेतलं. मग −१५ मध्ये काय मिळवलं तर शून्य येईल? फक्त +१५. म्हणून (−३) × (−५) ला १५ व्हावंच लागतं. ते दुसरं काही ठरवलं तर कंस सोडवण्याचा नियम मोडेल.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे हे नियम दिले आहेत. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. आपण रोज वापरतो ते शब्द तिथलेच.

५. कंसाच्या आधी वजा असेल तर नेमकं काय काय बदलतं?

कंसातलं प्रत्येक पद. ७ − (क्ष − ३) म्हणजे ७ − क्ष + ३, म्हणजे १० − क्ष. कंसाआधीचा वजा म्हणजे −१ ने गुणणं आहे, आणि गुणाकार कंसातल्या प्रत्येक पदाला लागतो. पहिल्याच पदाला लावून सोडून देणं ही बीजगणितातली सर्वांत जास्त गुण घालवणारी चूक असावी.

याच कुळातली दुसरी चूक वर्गाची आहे. −३² म्हणजे −९, पण (−३)² म्हणजे ९. पहिल्यात वर्ग फक्त ३ चा आहे. म्हणूनच क्ष = −३ ही किंमत क्ष² मध्ये घालताना कंस लिहायलाच हवा.

६. कंचेभागुबेव मध्ये भागाकार आधी येतो, म्हणजे तो गुणाकाराच्या आधीच करायचा का?

नाही. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर आहेत. डावीकडून उजवीकडे जाताना जो आधी भेटेल तो आधी करायचा. बेरीज आणि वजाबाकी यांचंही तसंच. अक्षरांच्या क्रमाने गेलात तर १० − ४ + ३ मध्ये आधी बेरीज कराल आणि उत्तर ३ येईल. खरं उत्तर ९. तसंच २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२ आहे, ३ नाही.

७. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² का नाही?

संख्या घालून बघा. (३ + ४)² = ७² = ४९, पण ३² + ४² = २५. चोवीस कमी पडले. ते २ × ३ × ४ आहेत, म्हणजेच २अब.

आकृतीने आणखी पक्कं होतं. अ + ब बाजूचा चौरस काढा आणि प्रत्येक बाजूचे अ आणि ब असे भाग करून आडवी-उभी रेषा मारा. आत चार तुकडे दिसतील: अ² चा एक चौरस, ब² चा एक चौरस आणि अ × ब चे दोन आयत. ते दोन आयत विसरले की सूत्र चुकतं. कागदावर एकदा कात्रीने कापून पाहिलेलं कधी विसरत नाही, म्हणून हे खरोखर करून पाहा.

हीच चूक वर्गमुळातही होते: √(९ + १६) हे ३ + ४ नाही, ५ आहे. भूमितीत ती प्रश्न १५ मध्ये पुन्हा भेटेल.

८. छेद असलेली समीकरणं सोडवताना नेहमी गोंधळ होतो. सोपी रीत आहे का?

सगळ्या छेदांचा लसावि काढा आणि प्रत्येक पदाला त्याने गुणा. क्ष/२ − (क्ष − १)/३ = २ घ्या. लसावि ६. ६ ने गुणलं की ३क्ष − २(क्ष − १) = १२. उजवीकडच्या २ लाही ६ ने गुणलं, हे पाहा. आता ३क्ष − २क्ष + २ = १२, म्हणून क्ष = १०. ताळा: ५ − ३ = २.

दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं, अंशात एकापेक्षा जास्त पदं असतील तर छेद काढताना त्याला कंस घाला, नाहीतर प्रश्न ५ मधली चूक होते. दुसरं, ही रीत समीकरणासाठी आहे. नुसती क्ष/२ + क्ष/३ अशी राशी दिली असेल तर तिला ६ ने गुणून ५क्ष लिहिता येत नाही, कारण तिथे गुणायला दुसरी बाजूच नाही. उत्तर ५क्ष/६ असंच येतं.

आणि (क्ष + ६)/६ मधले दोन ६ एकमेकांना कापत नाहीत. अंश आणि छेदातून फक्त अवयव कापले जातात, बेरजेतली पदं नाहीत.

९. दोन चलांची समीकरणं सोडवताना शेवटी ० = ० आलं. माझं चुकलं का?

बहुधा नाही. क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १० ही जोडी घ्या. दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याची दुप्पट. माहिती एकच आहे, ती दोनदा सांगितली आहे, म्हणून उत्तरं अनंत आहेत. दोन्हींचे आलेख काढले तर एकाच रेषेवर दुसरी रेषा बसेल. दुसरं समीकरण २क्ष + २य = १२ असतं तर शेवटी ० = २ असं अशक्य विधान मिळालं असतं; त्या रेषा समांतर, आणि उत्तर एकही नाही. दोन्ही वेळा वहीत तसं स्पष्ट लिहा: ‘अनंत उकली’ किंवा ‘उकल नाही’. तेच उत्तर आहे.

नेहमीच्या जोड्यांत कोणती रीत घ्यायची हे सहगुणक पाहून ठरवा. २क्ष + य = ११ आणि क्ष − य = १ मध्ये य आपोआप जातो, म्हणून बेरीज करा: ३क्ष = १२, क्ष = ४, य = ३. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल आणि बेरजेने काही जात नसेल, तर ते चल दुसऱ्याच्या रूपात लिहून किंमत घाला.

१०. क्ष² = ५क्ष सोडवताना दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं. उत्तर ५ आलं, पण शिक्षकांनी अर्धेच गुण दिले. का?

कारण दुसरं उत्तर ० होतं आणि भागाकाराने ते नाहीसं झालं. शून्याने भागता येत नाही. क्ष शून्य असू शकतो का हे माहीत नसताना क्ष ने भागणं म्हणजे तो शून्य नाही असं गुपचूप मानणं. त्याऐवजी सगळं एका बाजूला घ्या: क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५.

इथे एक उलटी चूकही होते. गुणाकार शून्य असेल तरच ‘हा शून्य किंवा तो शून्य’ म्हणता येतं. (क्ष − २)(क्ष − ३) = २ असेल तर क्ष − २ = २ लिहिता येत नाही, कारण दोनाचे अवयव कितीतरी प्रकारे पडतात. कंस सोडवून सगळं डावीकडे आणा: क्ष² − ५क्ष + ४ = ०, आणि उत्तरं १ व ४.

११. वर्गसमीकरणाला अवयव की सूत्र, हे कसं ठरवायचं?

अवयव अर्ध्या मिनिटात दिसले नाहीत तर विवेचक काढा. अक्ष² + बक्ष + क = ० मध्ये ब² − ४अक म्हणजे विवेचक. सहगुणक पूर्णांक असताना तो पूर्ण वर्ग आला तर अवयव नक्की पडतात. ६क्ष² + क्ष − १२ = ० मध्ये विवेचक १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग; अवयव (३क्ष − ४)(२क्ष + ३). क्ष² + ३क्ष − ५ = ० मध्ये तो २९ आहे, म्हणून अवयव शोधत बसू नका, सरळ सूत्र वापरा. विवेचक ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत.

सूत्र कुठून येतं हे विचारणारे थोडे असतात, पण त्यांच्यासाठी श्रीधराचार्यांची रीत सांगतो. ती भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात उद्धृत केली आहे, आणि तिच्यात शेवटच्या ओळीपर्यंत अपूर्णांक येतच नाहीत. समीकरणाला ४अ ने गुणा: ४अ²क्ष² + ४अबक्ष = −४अक. दोन्ही बाजूंत ब² मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो: (२अक्ष + ब)² = ब² − ४अक. आता फक्त वर्गमूळ घ्यायचं, ब वजा करायचा आणि २अ ने भागायचं. सूत्र पाठ असलं तरी एकदा हे स्वतःच्या हाताने लिहून काढा.

१२. √९ = ३, मग क्ष² = ९ ची उत्तरं ३ आणि −३ अशी दोन कशी?

दोन वेगळे प्रश्न आहेत. √ हे चिन्ह ठरवून फक्त धन वर्गमुळासाठी ठेवलं आहे, म्हणून √९ म्हणजे ३ च. ‘कोणत्या संख्यांचा वर्ग ९ आहे?’ याला मात्र ३ आणि −३ ही दोन्ही उत्तरं आहेत, म्हणून क्ष = ±३ लिहायचं.

यातलं ऋण उत्तर कधी टाकायचं? उदाहरण पाहून ठरवायचं, सवयीने नाही. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ ने जास्त आणि क्षेत्रफळ ४० असेल तर क्ष(क्ष + ३) = ४०, उत्तरं ५ आणि −८. रुंदी ऋण नसते, म्हणून −८ अमान्य, आणि हे कारण लिहायला हवं. पण ‘दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ५६ आहे’ असं असेल तर ७, ८ ही जोडी जितकी बरोबर तितकीच −८, −७ ही.

१३. सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, तरी ताळा जुळत नाही. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि म्हणूनच काही उदाहरणांत ताळा हा उत्तराचाच भाग आहे. √(क्ष + ६) = क्ष घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला: क्ष + ६ = क्ष², म्हणून क्ष² − क्ष − ६ = ०, उत्तरं ३ आणि −२. मूळ समीकरणात ३ घातलं तर √९ = ३, जुळलं. −२ घातलं तर √४ = २, पण उजवीकडे −२. जुळत नाही.

पायरी चुकलेली नाही. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात, पण वर्ग समान म्हणून संख्या समान असं नाही. २ आणि −२ यांचे वर्ग सारखेच. त्यामुळे वर्ग करताना एक परकं उत्तर आत येऊ शकतं. छेदात चल असेल तेव्हाही असंच होतं: क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) मधून क्ष = ३ निघतं, पण त्या किमतीला छेदच शून्य होतो. उत्तर: उकल नाही. वर्ग केला असेल किंवा चल असलेला छेद काढला असेल, तर ताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.

असमतांमध्ये वेगळी काळजी लागते. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्हाची दिशा उलटते: −२क्ष < ६ म्हणजे क्ष > −३. शंका आली तर क्ष = ० घालून पाहा, लगेच कळतं.

१४. भूमितीची सिद्धता लिहायला सुरुवातच होत नाही. काय करू?

आधी आकृती मोठी काढा, निदान पाव पान. दिलेलं सगळं तिच्यावर खुणांनी दाखवा: समान बाजूंना एकसारख्या रेघा, समान कोनांना एकसारखे कंस. नुसता ‘त्रिकोण’ दिला असेल तर समभुज किंवा काटकोन काढू नका; तीन बाजू स्पष्टपणे वेगवेगळ्या दिसतील असा काढा. नाहीतर आकृतीतली योगायोगाची गोष्ट खरी वाटायला लागते (प्रश्न १८ पाहा).

मग पक्ष आणि साध्य वेगवेगळं लिहा आणि साध्यापासून मागे या. दोन कोन समान दाखवायचे आहेत? कोन कशाने समान होतात ते आठवा: विरुद्ध कोन, समांतर रेषांचे संगत किंवा व्युत्क्रम कोन, एकरूप त्रिकोणांचे संगत कोन. आकृतीत यातलं काय आहे? काहीच नसेल तर एखादी रेषा काढून ते तयार करता येईल का?

समद्विभुज त्रिकोणाचं उदाहरण पाहा. ∆अबक मध्ये अब = अक. साध्य: ∠ब = ∠क. ∠ब आणि ∠क एकाच त्रिकोणात आहेत, एकरूपतेला तर दोन त्रिकोण लागतात. म्हणून ∠अ चा दुभाजक अड काढू, ड हा बक वर. आता ∆अबड आणि ∆अकड मध्ये अब = अक (पक्ष), ∠बअड = ∠कअड (रचना), अड = अड (सामाईक बाजू). म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप, आणि ∠ब = ∠क (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन).

प्रत्येक विधानापुढे कंसात कारण आहे. सिद्धतेतली खरी मेहनत त्या कंसांत असते. ‘आकृतीत दिसतं’ किंवा ‘कोनमापकाने मोजलं’ ही कारणं नाहीत. मोजलेला कोन एका आकृतीबद्दल सांगतो, प्रमेय सगळ्या आकृत्यांबद्दल.

१५. पायथागोरसचं प्रमेय कुठेही लावता येतं का? आणि वर्ग मिळवायचे की वजा करायचे?

फक्त काटकोन त्रिकोणात. काटकोन दिलेला किंवा सिद्ध केलेला असल्याशिवाय ते लिहू नका. पहिलं काम कर्ण ओळखणं: काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, मग आकृती कशीही फिरवलेली असो. कर्ण काढायचा असेल तर वर्ग मिळवा, दुसरी बाजू काढायची असेल तर कर्णाच्या वर्गातून वजा करा. काटकोन करणाऱ्या बाजू ५ आणि १२ असतील तर कर्ण √(२५ + १४४) = १३. कर्ण १३ आणि एक बाजू ५ असेल तर दुसरी √(१६९ − २५) = १२.

‘काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३ आणि ४ आहेत, तिसरी काढा’ याचं उत्तर पाहताक्षणी ५ लिहू नका. ४ हाच कर्ण असेल तर तिसरी बाजू √७ आहे. उदाहरणात कर्ण सांगितला नसेल तर दोन्ही शक्यता लिहा.

उलट दिशाही खरी आहे: ७, २४, २५ मध्ये ४९ + ५७६ = ६२५, म्हणून त्रिकोण काटकोन आहे. पण इथे कारण म्हणून ‘पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास’ लिहायचं, प्रमेय नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच सिद्धांत आयताच्या कर्णाच्या रूपात सांगितलेला आहे. ज्यांना काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर येत नाही त्यांनी आयत काढून त्याचा कर्ण पाहावा.

१६. बाकोबा चालतं, मग बाबाको का नाही? आणि तीन कोन समान असतील तर?

कोन दोन बाजूंच्या मध्ये नसेल तर त्रिकोण एकच ठरत नाही. कंपास घेऊन करून पाहा. ∠ब = ३०° काढा, एका भुजेवर अब = १० सेमी घ्या. आता अ केंद्र धरून ६ सेमी त्रिज्येचा कंस काढा. तो ∠ब ची दुसरी भुजा दोन ठिकाणी छेदेल, म्हणजे क चे दोन बिंदू. दोन्ही त्रिकोणांत अब = १०, अक = ६, ∠ब = ३०°, आणि तरी ते वेगळे आहेत. अ पासून त्या भुजेचं लंब अंतर ५ सेमी आहे. अक त्यापेक्षा मोठी पण अब पेक्षा लहान आहे, म्हणून हे घडतं.

अपवाद: तो कोन काटकोन असेल तर दुसरा त्रिकोण शक्य नसतो. तीच कर्णभुजा कसोटी.

तीन कोन समान असतील तर त्रिकोण समरूप असतात, एकरूप असतीलच असं नाही. समरूपतेत शिरोबिंदूंचा क्रम नीट लिहा, कारण बाजूंची गुणोत्तरं त्या क्रमावरूनच काढायची असतात. आणि बाजूंचं गुणोत्तर २ : ३ असेल तर क्षेत्रफळांचं ४ : ९ असतं. २ : ३ लिहिलेलं उत्तर दरवर्षी वह्यांत सापडतं.

१७. क्षेत्रफळाच्या उदाहरणांत पाय ची किंमत २२/७ घ्यायची की ३.१४?

उदाहरणात सांगितली असेल ती. सांगितली नसेल तर त्रिज्या किंवा व्यास ७ च्या पटीत असताना २२/७ सोयीची, १० किंवा २० सारख्या संख्यांना ३.१४ सोयीची. दोन्ही जवळच्या किमती आहेत: पाय ३.१४१५९… आहे आणि २२/७ म्हणजे ३.१४२८५…. म्हणून ‘पाय = २२/७’ हे अचूक विधान नाही.

एककांबद्दल एक सूचना: १ मीटर म्हणजे १०० सेमी, पण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेमी. आधी लांबी-रुंदी एका एककात आणा, मग गुणा. आणि परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखं नाही. ९ × १ चा आयत आणि ५ बाजूचा चौरस दोन्हींची परिमिती २०, क्षेत्रफळं मात्र ९ आणि २५.

१८. मित्राने १ = २ सिद्ध करून दाखवलं, आणि सगळे त्रिकोण समद्विभुज असतात हेही. चूक सापडत नाही.

पहिली अशी असते. अ = ब, दोन्ही शून्य नाहीत. म्हणून अ² = अब, अ² − ब² = अब − ब², (अ − ब)(अ + ब) = ब(अ − ब). दोन्ही बाजूंना अ − ब ने भागून अ + ब = ब, म्हणजे २ब = ब, २ = १. पहिल्याच ओळीत अ = ब आहे, म्हणजे अ − ब शून्य आहे. प्रश्न १० मधलीच चूक, फक्त चांगली लपवलेली.

दुसरी जास्त सुंदर आहे. ∆अबक मध्ये ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक म मध्ये मिळतात. म पासून अब वर मप आणि अक वर मफ हे लंब टाकतात. ∆अपम आणि ∆अफम एकरूप, म्हणून अप = अफ आणि मप = मफ. म हा लंबदुभाजकावर आहे, म्हणून मब = मक; मग कर्णभुजा कसोटीने पब = फक. बेरीज केली की अब = अक.

प्रत्येक एकरूपता बरोबर आहे. चूक आकृतीत आहे, कारण ती म ला त्रिकोणाच्या आत दाखवते. अब आणि अक असमान असतील तर म नेहमी त्रिकोणाच्या बाहेर, परिवर्तुळावर येतो. पट्टी आणि कंपासने काळजीपूर्वक काढून पाहा. मग प आणि फ पैकी एक बिंदू बाजूवर पडतो आणि दुसरा बाजू वाढवल्यावर मिळतो. अब मोठी असेल तर अब = अप + पब, पण अक = अफ − फक. शेवटची बेरीज लिहिताना हा वजा हरवलेला असतो.

१९. मला स्वतःला गणित आठवत नाही. मुलीला गृहपाठात मदत कशी करू? आणि ती मोबाईलवरच्या ॲपमधून उत्तरं काढते, ते चालू द्यावं का?

गणित येत नसेल तरी तीन प्रश्न विचारता येतात. काय काढायचं आहे? ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली? उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहिलंस का? उत्तर द्यायला तिला मोठ्याने बोलावं लागेल, आणि अडलेली जागा बहुतेक वेळा बोलतानाच सापडते. तुम्ही खरोखर समजून घ्यायला विचारत असाल तर ते तिला जाणवतं.

ॲप पायऱ्या दाखवतं, पण कोणती पायरी का घेतली हे वाचणाऱ्याने शोधावं लागतं. म्हणून आधी तिने स्वतः उदाहरण सोडवावं, अगदी चुकीचं का होईना, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ शोधावी. त्या ओळीवर खूण करून ती वही दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवायला सांगा.